दोन बोटींच्या मधलं घर

५ मार्च

ताई,

आजच्या टपालात पत्र जायला हवं म्हणून दुकानातच, कापायच्या टेबलावर लिहितोय. कागदाला धागे चिकटले असतील तर झटकून टाक.

घर बघितलं. लाँड्रीच्या मागच्या चढावर, दुसरा मजला, तीन खोल्या. एक तुला, एक मला, मधली दोघांची, आपण ठरवलं होतं अगदी तसं. खिडक्या चांगल्या उंच आहेत, पडद्याला भरपूर कापड लागेल. न्हाणीघराचं दार अडकतं, पण रंधा मारला की काम होईल. दलालबाई प्रत्येक वाक्यात ‘एकदम’ घालतात, त्यामुळे मी त्यांना मनातल्या मनात एकदमबाई म्हणतो. ‘एकदम हवेशीर, एकदम शांत आणि मालक एकदम घाईत.’ म्हणजे आठवड्याच्या आत उत्तर हवं. मी म्हटलं, बहिणीला विचारायला हवं, ती बेटावर हवामान केंद्रात नर्स आहे, तिथला फोन फक्त सरकारी कामाला, पत्र बोटीनं जाऊन उत्तर यायला महिना लागतो. त्या म्हणाल्या, ‘मग बहिणीला घर गेल्यावर एकदम फोटोच दाखवा.’

मला विचारशील तर थांबावं. दोघांच्या पुंजीत हे घर बसतंय, पण जेमतेम. पेपरात सगळे जाणकार लिहितायत की वर्षअखेर भाव उतरतील. तुझ्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. मला एकट्याला भाड्याची खोली पुरते. घाई कुणाला आहे?

घर बघायला आणखी एक बाई आली होती. दंतवैद्यांना कवळ्या करून देते म्हणे. तिच्याकडे मोजपट्टी नव्हती म्हणून माझी मागितली, तीनही खोल्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजल्या आणि पट्टी पर्समध्ये टाकून निघून गेली. पडदेवाल्याची पट्टी! त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांची मापं मी सुतळीनं घेतली.

काय करू ते कळव.

तुझा,
बुटका


२४ मार्च

बुटक्या,

(दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याएवढा वाढलास तरी हे नाव काही सुटायचं नाही.)

घे ते घर. खरं तर एवढंच लिहून पत्र संपवायला हवं होतं, पण बोट सुटायला अवकाश आहे.

थांबावं म्हणतोस. बाबाही थांबले होते. पगार वाढला की घेऊ, तुझं शिक्षण झालं की घेऊ, भाव बसले की घेऊ. आईनं शेवटपर्यंत भिंतीत खिळा मारायच्या आधी घरमालकाला विचारलं. भाव उतरतीलही. पेपरातल्या जाणकारांना स्वतःची घरं असणार, ते निवांत थांबू शकतात.

माझी खोली कशी आहे ते तुला ठाऊकच आहे. दवाखान्याचा एक कोपरा, आणि मधे तूच शिवून पाठवलेला निळा पडदा. केंद्रप्रमुखांचा गुडघा, आचाऱ्याचे भाजलेले हात आणि दोघा निरीक्षकांच्या सर्दीचं औषध मी पडद्याच्या त्या बाजूला देते आणि या बाजूला झोपते. कोण कुठल्या कुशीवर वळलं तेही मला समजतं. वीस वर्षं झाली, तक्रार नाही. पण म्हातारपणी भिंत असलेली बरी.

न्हाणीघराचं दार दुरुस्त करून घे. मोजपट्टी परत मागून घे.

ताई


११ एप्रिल

ताई,

तुझं ‘घे’ आलं तोवर घर गेलं होतं. मागितलेल्या भावाच्या वर देऊन कुणीतरी उचललं. एकदमबाई म्हणाल्या, ‘तुमच्या बहिणीची बोट एकदम सावकाश चालते.’

मग बस डेपोच्या मागे एक बघितलं. नवा रंग, दोन खोल्या. भाव ऐकून मी म्हटलं, अहो, गेल्या महिन्यात या पैशांत तीन खोल्या येत होत्या. त्या म्हणाल्या, ‘हो ना, मागच्या महिन्यात एकदम स्वस्ताई होती.’ मागच्या महिन्यात त्या हे म्हणाल्या नव्हत्या.

तिथे ती मोजपट्टीवाली पुन्हा भेटली. पट्टी परत केली, गुंडाळून, रबर लावून. मग कपाट जरा पुढे ओढून मागच्या भिंतीवर तळहात टेकवून उभी राहिली. मला म्हणाली, ‘इथे हात लावा.’ लावला. ओल. एकदमबाई म्हणाल्या, ‘छे हो, रंग ताजा आहे.’ ती म्हणाली, ‘ताजा का दिलाय, तेच म्हणतेय मी.’ घर तिथेच बारगळलं.

समोरच्या हॉटेलात चहा घेतला. ती राहते त्या इमारतीचा मालक सगळ्या भाडेकरूंना काढून मोठी इमारत बांधणार आहे, म्हणून तिची शोधाशोध. बाहीवर पांढरी पूड, बोलणं फटकळ. मी म्हटलं, वर्षअखेर भाव उतरतील. ती म्हणाली, ‘उतरले की तुम्ही धावाल, मी धावेन आणि तुमच्या माझ्यासारखे शंभर धावतील. मग कसे उतरतील?’ चहाचे पैसे मी दिले.

अजून थांबावं असंच मला वाटतं. पण पहिल्याइतकी खात्री नाही.

बुटका


२ मे

बुटक्या,

सोबत मुखत्यारपत्र आहे. केंद्रप्रमुखांच्या समोर सही केली आहे, त्यांचा शिक्काही आहे. माझ्या वाट्याचे पैसे तू माझ्या नावानं कुठल्याही घरात घालू शकतोस. आता मला विचारायचं कारण उरलं नाही. कुठलंही घे. दोन खोल्या तर दोन खोल्या. डेपोच्या मागे तर डेपोच्या मागे, फक्त ओल नको.

इकडे नवीन काही नाही. मागच्या बोटीनं मोठाली खोकी आली. स्वयंचलित यंत्रं आहेत. वारा, पाऊस, हवेचा दाब सगळं आपणच मोजतात आणि आपणच वर कळवतात. नव्या जावयाभोवती फिरावं तसे दोघं निरीक्षक त्या खोक्यांभोवती फिरतायत. आचारी विचारत होता, यंत्रं जेवतात का.

लवकर आटप, एवढंच. उन्हाळा संपायच्या आत.

ताई


३० मे

ताई,

मुखत्यारपत्र मिळालं. कुलपात ठेवलंय.

तीन घरं बघितली. एकाला जिना फार अरुंद. दुसऱ्याला स्वयंपाकघर पश्चिमेला, सकाळी उजेडच नाही, आणि ओट्याजवळ दोन माणसं उभी राहिली तर एकमेकांना धक्का लागेल. तिसऱ्याचं स्वयंपाकघर चांगलं होतं, पूर्वेची खिडकी, पण भाव ऐकून गप्प खाली उतरलो.

दुकानात काम फार आहे. लोक नवी घरं घेतायत, त्यांना पडदे लागतात. दुसऱ्यांच्या खिडक्या झाकून झाकून माझी बोटं दुखली.

बाकी ठीक.

बुटका


१९ जून

बुटक्या,

तुझं पत्र औषधाच्या चिठ्ठीएवढं होतं, म्हणून दोनदा वाचलं.

एक म्हणजे तुला स्वयंपाकघरातलं कधीपासून कळायला लागलं? आईच्या मागे तू आजवर पाणी तापवण्यापलीकडे गेलेला नाहीस. आणि मला सकाळचा उजेड चालतो, संध्याकाळचा चालतो, मला चहा अंधारातही करता येतो. माझ्या सोयीसाठी घरं नापास करत असशील तर करू नकोस.

दुसरं, मोजपट्टीवालीचं काय झालं? मागच्या पत्रात पानभर होती, या पत्रात नावालाही नाही. माझा अंदाज सांगते. ते पूर्वेच्या खिडकीचं घर तिनंच घेतलं, तुझ्या नाकासमोरून, आणि तुला ते सांगायची लाज वाटतेय. त्यात लाजण्यासारखं काय आहे? तिला गरज होती, तिनं घेतलं. भांडला असशील तर जाऊन मिटवून टाक. भिंतीवर हात ठेवून ओल सांगणारं माणूस ओळखीचं असलेलं बरं.

आणि घर घे रे.

ताई


८ जुलै

ताई,

तुझा अंदाज चुकला. तिनं घर घेतलेलं नाही आणि भांडणही झालेलं नाही. आम्ही लग्न करतोय.

झालं असं. तिसऱ्या घराचे मालक म्हणाले, ‘तुम्हा नवरा-बायकोला ही जागा पुष्कळ होईल, दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा तुम्हाला थोडी कमी करून देतो.’ ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. जिना उतरताना ती म्हणाली, ‘तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना?’ मी म्हटलं, ‘तुम्ही का नाही?’ ‘मी भाव उतरेल म्हणून गप्प होते.’ ‘मीही.’ मग खाली पोचेपर्यंत दोघंही हसत होतो, आणि दाराशी हसू थांबलं तेव्हा दोघंही घाबरलो. कमी केलेला भावही परवडला नाही, ते सोड.

तुला लिहवत नव्हतं. घर तुझ्याबरोबर घ्यायचं ठरलं होतं. एकाच्या घरात दुसऱ्यानं आयुष्यभर पाहुणं व्हायचं, असं काही तुझ्या वाट्याला येऊ नये असं वाटत होतं, आणि त्यावर उपाय सुचत नव्हता. म्हणून स्वयंपाकघरांबद्दल लिहिलं.

आता एक जमतंय. चष्म्याचं दुकान बंद केलेले एक म्हातारे गृहस्थ मुलीकडे जाणार आहेत. बसच्या शेवटच्या थांब्याच्या पुढे, दोन खोल्या. माझे आणि तिचे पैसे मिळून होतं. तुझ्या पैशांना हात लावायचा नाही. दोन वर्षांत तुझ्यासाठी जवळच बघू. ते पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत थांबायला तयार आहेत.

तू रागावली असशील तर तसं लिही.

बुटका


८ जुलै

ताईंना नमस्कार.

आपली ओळख नाही, आणि याच बोटीनं तुमच्या भावाचं पत्र येतंय, ते तुम्ही आधी वाचलं असेल असं धरून लिहिते.

ते शिवत असताना मी त्यांना तुमची पत्रं वाचून दाखवते. मे महिन्याच्या पत्रातला खोक्यांचा मजकूर मी दोनदा वाचला. दोन्ही वेळा ते आचाऱ्याच्या प्रश्नावर हसले. ते तुमचं पत्र वाचत नाहीत, त्यांना तुमचा आवाज ऐकू येतो आणि तेवढ्यानं त्यांचं समाधान होतं. माझ्या कानात तुमचा आवाज नाही, त्यामुळे मला नुसता मजकूर दिसतो.

यंत्रं आपणच मोजणार असतील तर निरीक्षक कशाला? निरीक्षक नसतील तर आचारी कशाला? आणि कुणीच नसेल तर नर्स कशाला?

तुम्ही कधी येताय?

माझं काम मापाचं आहे. जबड्याच्या मापात केसभर फरक पडला तर माणूस जेवू शकत नाही. त्या घरात दोन खोल्या आहेत. तुम्ही दोन वर्षांनी येणार असाल तर एक गोष्ट, दोन महिन्यांनी येणार असाल तर दुसरी. तुमच्या येण्याची मला भीती नाही. पण ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. हे पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही.

तुमची होणारी वहिनी


२८ जुलै

बुटक्या,

रागावू कशाला? मला आनंद झाला, आणि त्याहून जास्त हसू आलं. माझा अंदाज किती चुकला! वीस वर्षं नाड्या बघतेय आणि घरच्याच माणसाची नाडी कळली नाही.

चष्मेवाल्यांचं घर घ्या. माझी काळजी नको, दोन वर्षं म्हणजे पुष्कळ वेळ आहे. माझे पैसे माझ्यापाशी असू देत.

लग्नाची नोंदणी कधी आहे ते कळव. त्या दिवशी इथे आचाऱ्याला काहीतरी गोड करायला सांगेन.

ताई


२८ जुलै

वहिनी,

मी वयानं मोठी असले तरी वहिनीच म्हणते, कानाला बरं वाटतं.

तुमचं बरोबर आहे. केंद्र रिकामं होतंय. माझा आदेश एप्रिलमध्येच आला. ऑक्टोबर अखेरच्या बोटीनंतर इथे माणूस राहणार नाही.

त्याला लिहिलं नाही याचं कारण तुम्हाला एव्हाना कळलं असेल. घाई केली की त्याची कात्री वाकडी जाते. तारीख सांगितली असती तर त्यानं धास्तीनं पहिलं दिसेल ते घेतलं असतं, ओलीसकट. म्हणून नुसतं लवकर कर, लवकर कर म्हणत राहिले. आता तुमची बातमी आली. आता सांगितलं तर तो लग्न पुढे ढकलेल. ढकलेलच, मी त्याला ओळखते.

तेव्हा सही करा, आणि मग सांगा. माझं मी बघते. बंदराच्या इस्पितळात रात्रपाळीच्या नर्सना राहायला जागा देतात, तिथे अर्ज केलाय. निवृत्तीच्या वयाच्या बाईला घेतील की नाही ठाऊक नाही, पण अर्जाला तर मनाई नाही.

एवढं माझं ऐका.

ताई


१७ ऑगस्ट

ताई,

ऐकलं नाही तिनं.

चष्मेवाल्यांच्या बैठकीत आम्ही सह्या करायला बसलो होतो. एकदमबाई वकिलाच्या पेढीवरच्या माणसाला घेऊन आल्या होत्या. मी सही केली. तिनं पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. पर्समधून तुझं पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. ‘आधी हे वाचा.’

वाचलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हातारबुवा म्हणाले, ‘काही वाईट बातमी का?’

मी म्हटलं, ‘बहीण येतेय.’

‘मग आनंदाचीच गोष्ट की.’

‘हो. पण मला चार दिवस विचार करायला द्या.’

ते बिचारे कळवळून म्हणाले, ‘मी दिले असते हो, पण माझ्या मुलीनं दुसरं गिऱ्हाईक बोलावून ठेवलंय.’ एकदमबाईंनी कागद गोळा केले. घर दोन दिवसांत गेलं. ज्यांनी घेतलं ते तिथे राहणारसुद्धा नाहीत. भाव आणखी चढला की विकणार आहेत.

बसमध्ये मी तिला विचारलं, ‘सही करून मग का नाही सांगितलंत?’ ती म्हणाली, ‘मग त्या घरात रोज झोपताना तुम्हाला वाटलं असतं, ही ताईंची खोली.’

तिच्यावर मी चिडलेलो नाही. तुझ्यावर चिडलोय. मी लहान आहे का? लाँड्रीच्या मागचं घर मी तुला विचारण्यात घालवलं, हे तू न सांगण्यात घालवलंस. तू माझ्यासाठी गप्प, मी तुझ्यासाठी गप्प, आणि आपल्या गप्प बसण्यात भाव मात्र चढत राहिले. आणि रात्रपाळी? या वयात? मी इथे असताना तू इस्पितळाच्या खाटेवर राहणार?

तुला काय हवंय ते सरळ लिही. माझ्यासाठी काय बरं ते नको. तुला काय हवंय ते.

बुटका


५ सप्टेंबर

बुटक्या,

चिडलास ते बरं झालं. तुझं अक्षरसुद्धा नीट आलंय.

सरळ लिहिते. मला तुमच्या घरात खोली नको. कितीही प्रेमानं दिलीत तरी नको. तुम्ही दोघं भांडाल ते मला ऐकायचं नाही, आणि मग समेट कराल तो तर मुळीच नाही. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे आवाज ऐकण्यात गेलं, आधी भाड्याच्या खोल्यांत आणि मग पडद्यामागे. आपण दोघांनी तीन खोल्यांचं ठरवलं तेव्हाही मला हे म्हणायचं होतं. पण तू एकटा होतास, म्हणून म्हटलं नाही.

मला एक खोली हवी. लहान चालेल. तिला बाहेर जाणारं स्वतःचं दार हवं. आणि तुम्ही चालत येण्याच्या अंतरावर हवेत. एवढंच. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आपल्या पैशांत मिळतील असं मला वाटत नाही, म्हणून इस्पितळात अर्ज केला. त्यांचं उत्तर आलं. जागा आहे, पण आपल्या बंदरात नाही, दूर उत्तरेच्या बंदरात. या महिनाअखेर होकार कळवायचा आहे. मी कळवणार आहे.

लग्न मात्र पुढे ढकलू नकोस.

ताई


२२ सप्टेंबर

ताई,

होकार पाठवला असेल तर तार करून नकार पाठवा. घर घेतलं.

ते आत्ता दुकानात सुतारांशी वाद घालतायत, म्हणून सुरुवात मी करते. तुमचं पत्र आलं तेव्हा ते वाचून उठले आणि थेट एकदमबाईंच्या कार्यालयात गेले. मी मागोमाग. ते म्हणाले, ‘घर नको. घर सोडून जे असेल ते दाखवा.’ बाई म्हणाल्या, ‘म्हणजे एकदम काय?’ बऱ्याच वेळानं त्यांना बेकरीच्या मागच्या गल्लीतलं सायकलदुरुस्तीचं बंद दुकान आठवलं. वर दोन खोल्या. कित्येक महिने पडून आहे, कारण घर शोधणाऱ्याला दुकान नको आणि दुकान शोधणाऱ्याला गल्ली नको. दाखवायलाही त्या तयार नव्हत्या.

खाली फरशीवर तेलाचे डाग आहेत, ते जायचे नाहीत. वरच्या खोल्या लहान, छत उतरतं, त्यामुळे यांना एका बाजूनं वाकूनच चालावं लागणार. मी सगळ्या भिंतींना हात लावून बघितला. कोरड्या आहेत. तिघांचे सगळे पैसे गेले, आणि लाँड्रीच्या मागचं घर मार्चमध्ये यापेक्षा कमीत येत होतं. हे मी मुद्दाम लिहितेय. नंतर कुणी म्हणू नये की स्वस्तात पडलं.

खालच्या दुकानाचा पुढचा अर्धा भाग त्यांच्या शिवणकामाला. भाड्याचं दुकान सोडतोय. मागचा अर्धा तुमचा. तिथे नळ आहे, खिडकी आहे आणि गल्लीत उघडणारं दार आहे. मधे जाड पडदा लावू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, भिंत. ते म्हणाले, पडदा मी फुकटात शिवतो, भिंतीला गवंडी लागेल. मी म्हटलं, लागू दे. कालपासून गवंडी काम करतोय.

वहिनी


ताई, आता मी. तुझं मुखत्यारपत्र वापरलं, तुला विचारलं नाही. विचारायचं नाही असं तूच म्हणाली होतीस. सही करताना मी पेन कात्रीसारखं धरलं, तर ही शेजारून म्हणाली, ‘कात्री नाही ती, पेन आहे.’ लग्नाची नोंदणी शुक्रवारी झाली. एकदमबाई साक्षीदार होत्या.

सोबत किल्ली आहे, गल्लीच्या दाराची. दुसरी आम्ही करून घेतलेली नाही.

बुटका


१२ ऑक्टोबर

बुटक्या आणि वहिनी,

दोघांना एकत्र लिहितेय. लग्नाच्या दिवशी मला बातमी नव्हती, त्यामुळे इथे गोड झालं नाही. आचारी आता गेलाय. निरीक्षकही मागच्या बोटीनं गेले. केंद्रप्रमुख आणि मी उरलो आहोत, आणि बाहेर यंत्रं आपापलं काम करतायत. त्यांना आमची गरज नाही हे दोन दिवसांत लक्षात आलं. तिसऱ्या दिवसापासून त्याचं काही वाटेनासं झालं.

इस्पितळाला नकार कळवला. बिनतारीवरून, सरकारी काम म्हणून. केंद्रप्रमुखांनी त्यावर सही केली.

पैसे सगळे गेले म्हणता. जाऊ देत. एवढी वर्षं ते कशासाठी ठेवले होते, हे मला कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. तेलाचे डाग राहू देत, घासू नका. वहिनी, भिंतीबद्दल मी काही लिहीत नाही. भेटल्यावरही बहुतेक बोलणार नाही. तुम्हाला ते चालेल असं वाटतं.

किल्ली मिळाली. केंद्रप्रमुखांना दाखवली, त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितली. इथे कुठल्याच दाराला कुलूप नाही, येणार कोण? त्यामुळे किल्ली कुठे ठेवतात तेच मी विसरले आहे. आधी औषधांच्या कपाटात ठेवली, मग उशीखाली, आता कोटाच्या आतल्या खिशात आहे आणि दिवसातून कितीदा तरी हात तिथे जातो.

हे पत्र या बोटीनं येतंय, मी पुढच्या बोटीनं. बंदरावर कुणी येऊ नका. सामान एकच पेटी आहे आणि बेकरी कुणीही दाखवेल. मी गल्लीतून येईन. दार उघडून आत जाईन, आतून लावून घेईन आणि थोडा वेळ बसेन. किती वेळ ते आत्ता सांगता येत नाही. आवाज आला तरी खाली येऊ नका.

मग बाहेर येऊन, पुढच्या बाजूनं, तुमचं दार वाजवेन.

ताई